पुढचा शाफ्ट

१७ जून, मंगळवार

दवाखान्यातल्या आकांक्षा सिस्टरनं ही डायरी दिली. म्हणली, "अफरोजभाई, रोज सकाळी समरीनताईंचं वजन लिहायचं आणि दिवसभरात किती पाणी प्यायल्या ते लिहायचं." मी म्हणलं, बाई, लिहायची सवय दहावीतच सुटली. तर म्हणली, वजन लिहायला दहावी लागते का?

तर वजन: मशीनवर जायच्या आधी पंचावन्न, उतरल्यावर बावन्न. पाणी: तांब्याला आतून खिळ्यानं खूण केली हाय, तेवढंच.

एवढं लिहून पान उरलं. कोरं पान मला बघवत न्हाई, म्हणून पुढचं लिहून राहिलो. घरात आमी दखनी बोलतो, पण शाळा जिल्हा परिषदेची झाली, हात मराठीतच चालतो.

समरीन माझी बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आन् शुक्रवारी हिंगोलीला नेऊन डायलेसिसच्या मशीनवर रक्त धुऊन आणावं लागतं. एक पाळी चुकली तर अंगात पाणी भरतं, दोन चुकल्या तर माणूस हातचं जातं, असं डॉक्टरनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. लेकरू आमाला न्हाई. मला ती हाय आन् तिला मी.

राहतो गोरेगावच्या शिवारात, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात. डांबरीपर्यंत पांदण, मधी ओढा. माती काळी. पाऊस झाला की ती चपलेला सोडत न्हाई, चाकाला काय सोडील. मोटरसायकल बंद, ऑटो बंद. चालते फक्त आमची म्हातारी, म्हणजे अब्बाची जीप. अब्बानं ती कोण्या सरकारी लिलावात घेतली तवा मी चड्डीत होतो. वर ताडपत्रीचं हूड, अंग जाड पत्र्याचं, इंजिन दोनदा बदललेलं. बाजूच्या सीटला समरीनसाठी मी नवा फोम टाकून दिला. गाव जीपला भंगार म्हणतं. गाव मला बी लई काही म्हणतं.

२० जून, शुक्रवार

वजन पंचावन्न.

आज ओढ्याच्या चढावर म्हातारी बसली. मागची चाकं जागेवरच गरागरा, चिखल माझ्या दाढीपर्यंत. समरीन सीटवर पदर तोंडाला लावून बसलेली. शेवटी भीमसिंग बैल घेऊन आला. हा पलीकडच्या तांड्यावरचा, शेताला शेत लागून. माझ्यावर हसायचा हक्क या शिवारात त्याला एकट्यालाच दिलेला हाय. बैलांनी काढलं. पण दवाखान्यात पोचेस्तोवर मशीन दुसऱ्याला गेलं होतं, समरीनची पाळी तिन्हीसांजेला लागली.

येताना सेनगावात धम्मदीपच्या गॅरेजवर थांबलो. तो खाली वाकून पाहून म्हणला, "भाई, गाडी चारी चाकावर ओढणारी, आन् तुमी दोनच चाकावर चालवून राहिले. पुढचा शाफ्ट कुठाय?"

जीपच्या पोटातून एक शाफ्ट मागच्या चाकांना जातो आन् एक पुढच्या. दोन्ही जोडलेले असले की छोटी दांडी ओढायची, चारी चाकं ओढतात, मंग कसला बी चिखल असो. म्हातारी गोरेगाव–सेनगाव सवारी मारायची तवा डांबरीवर पुढच्याचं काही काम नव्हतं. फुकटचं डिझेल पितो म्हणून सगळेच तो काढून ठेवायचे. आमचा बी काढला.

"तेवढा हुडकून आणा, बसवायला काय वेळ लागत न्हाई," धम्मदीप म्हणला.

तो कुठं हाय ते मला माहीत हाय. धम्मदीपला सांगितलं, हरवला.

२२ जून, रविवार

लिहूनच टाकतो. शाफ्ट गोरेगावात महेबूबभाईच्या माळ्यावर हाय.

महेबूब माझा थोरला भाऊ. अब्बा गेल्यावर वाटणी झाली. गावातलं घर आन् गादी-रजईचं दुकान त्याला. शेत, आखाडा आन् जीप मला. वाटणीला चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर भाई हसून म्हणला, "भंगार तेवढं अफरोजला द्या, त्याला खेळायला पायजे." माणसं हसली. मी उठलो आन् म्हणलं, या घराचा उंबरा परत ओलांडला तर मी अब्बाचा पोरगा न्हाई. जीप घेऊन निघालो, माळ्यावरचं सामान माळ्यावर राहिलं. तवापासून त्याच्या दुकानावरून जाताना मी दुसरीकडं पाहतो, आन् मला पाहिलं की त्याला कापसातलं काहीतरी काम निघतं.

वाटणीत बैलजोडी फोडू न्हाई एवढं गावाला कळतं. जीप फोडली ते कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या बी न्हाई.

आज समरीन म्हणली, "पावसाळाभर गोरेगावला भाभीकडं राहू. दारासमोर डांबरी हाय."

"मी मेल्यावर राहा," मी म्हणलं.

"तुमच्या आधी माझा नंबर हाय," ती म्हणली आन् तूर निवडत बसली. हिच्याशी धड भांडायची बी सोय न्हाई.

२८ जून, शनिवार

वजन त्रेपन्न. कालची पाळी निभली, पाऊस उघडला होता.

आज दर्ग्यामागून दर्गा करावा तशी भंगाराच्या दुकानांची जियारत केली. हिंगोली झालं, कळमनुरी झाली, शेवटी आखाडा बाळापूरला एक शाफ्ट घावला. पण मोठ्या गाडीचा, वीतभर लांब. म्हणलं कापून जोडू. वेल्डर म्हणला, "फिरताना हालला तर?" मी म्हणलं, तू जोड, हालल्याचं मी पाहतो.

भीमसिंगला दाखवला. त्यानं उलटासुलटा करून पाहिला आन् म्हणला, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई तुझा. गोरेगाव इथून दिसून राहिलं, आन् तू बाळापूरला जाऊन आला."

"काय म्हणायचंय तुला?"

"काही न्हाई. जोड झकास हाय."

१ जुलै, मंगळवार

जोड तुटला. सेनगावच्या अलीकडं शाफ्ट थरथरायला लागला, मंग एक टोक सुटून खाली डांबरीवर आपटलं, अशी आग उडाली की मागचा ट्रकवाला थांबला. समरीनला एका सवारीच्या जीपमधी बसवून दिलं. ती दोन पोत्यांच्या मधी अंग चोरून बसली आन् मलाच म्हणली, "तुमी हात जपा." मी तुटका शाफ्ट तारेनं बांधून मागून पोचलो. पाळी मिळाली.

६ जुलै, रविवार

वजन चोपन्न.

आज मोहरमची दहावी. खतीजाभाभीनं, म्हणजे महेबूबभाईच्या बायकोनं, भीमसिंगच्या हाती खिचड्याचा डबा धाडला. समरीनसाठी वेगळी डबी. भीमसिंग म्हणला, ही बिनमिठाची. मी डबा होता तसा परत करणार होतो, पण समरीननं तिच्या डबीचं झाकण कवाच उघडलं होतं.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. हिचं मीठ बंद हाय हे भाभीला कोण सांगितलं? गावात चुगलखोरांची कमी न्हाई. भीमसिंगकडं पाहिलं तर तो बैलाच्या शिंगाकडं पाहून राहिला होता.

समरीनच्या मोबाईलची बॅटरी आजकाल दुपारपर्यंत बी टिकत न्हाई. नवी टाकावी लागंल.

८ जुलै, मंगळवार

मशीननंतर वजन बावन्न.

जाताना-येताना प्रेमसिंगच्या ट्रॅक्टरनं ओढून नेलं. प्रेमसिंग भीमसिंगचा धाकटा भाऊ. काम झालं, पण ट्रॅक्टरच्या चाकांनी पांदणीत इतके खोल चर पाडले की म्हातारीचं पोट आता मातीला टेकतं. आन् येताना ट्रॅक्टरचंच काहीतरी मोडलं, तो उद्या वाशीमला जाणार. माझी बी क्लच प्लेट जळल्याचा वास येऊन राहिला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

९ जुलै, बुधवार

क्लच प्लेट गेलीच. गिअरबॉक्स उतरवायचा तर जीप वर उचलावी लागते, आन् जॅक चिखलात रुतून राहिला. खाली फळी घातली, फळी मोडली. घरात सपाट आन् लोखंडी काय हाय म्हणून नजर फिरवली, तर समरीनचा वजनकाटा. तो जॅकखाली ठेवला, चाक सरळ वर. अक्कल लागते. काम झाल्यावर पुसून जागेवर ठेवून दिला. काचेला जराशी चीर गेली, बाकी काही न्हाई.

११ जुलै, शुक्रवार

वजन चोपन्न. पाळी चुकली.

रात्रीपासून पाऊस. ओढा भरून, म्हातारीचं पोट उघडं, नवी प्लेट धम्मदीपकडं. सिस्टरला फोन केला तर म्हणली, उद्या आणा, परवा आणा, कसं बी करून आणा.

भीमसिंग पोतं पांघरून आला. म्हणला, "बाजेवर बसव वहिनीला. मी, प्रेमसिंग, तू, अजून एक गडी. खांद्यावर घेऊन ओढा पार करू, डांबरीवर गाडी बोलवू."

माझं टाळकं सरकलं. "जित्या माणसाला चार खांद्यावर? आमच्यात चार खांद्यावर एकदाच जातात."

"आमच्यात काय दोनदा जातात का? पाऊस हाय म्हणून म्हणलं."

"जनाजा काढायला आला का माझ्या बायकोचा? नीघ."

तो निघून गेला. मी एवढं बोलायला नको होतं. समरीन आत होती, तिनं ऐकलं असंल. पण बाजेवर, खांद्यावर, पांदणीनं चाललेली ती, हे डोळ्यासमोर आलं की माझा हात चालंनासा होतो. मी जीप चालू करतो. बास.

१३ जुलै, रविवार

वजन चोपन्न. पाळी चुकली तरी तेवढंच. मी जीपखालून विचारतो, "किती?" आन् ती आतून सांगते, "चोपन्न." पाणी बराबर मोजून पिऊन राहिली म्हणायची. या घरात एक तरी काम बराबर चाललंय.

पायी डांबरीला जाऊन सेनगावहून प्लेट आणली. ओढ्यात पिशवी डोक्यावर धरावी लागली. समरीनला आज मधूनच दम लागतो. तिला पायातले पैंजण टोचायला लागले, साबण लावून काढले. झोपते भिंतीला टेकून, बसूनच. म्हणती पाठ दुखते. मी दोन उशा दिल्या.

कोंबड्या सगळ्या समरीननं भीमसिंगच्या बायकोला, नीलाबाईला देऊन टाकल्या. म्हणली, आता मागं कोण धावतं त्यांच्या. बरंच झालं, तेवढीच दगदग कमी.

मला भीती वाटून राहिली. आज गिअरबॉक्स छातीवर घेऊन पडलो होतो आन् तसाच रडलो. ती दारात येऊन उभी राहिली. म्हणलं, डोळ्यात तेल गेलं.

१६ जुलै, बुधवार. हिंगोली, दवाखान्याच्या बाकावर

कालचं लिहितो.

काल सकाळी वजन विचारलं. "चोपन्न," म्हणली, पण तेवढं सांगायला बी दोनदा थांबली. ओठ निळे दिसले. प्लेट बसली होती, इंजिन पयल्या सेल्फला चालू झालं. तिला सीटवर बसवलं आन् निघालो. गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर म्हातारी ट्रॅक्टरच्या चरात पोटावर बसली. मागची चाकं फिरून राहिली, पुढची नुसती पाहून राहिली. समरीनला उचलून परत घरात आणलं. उचलताना ती जड लागली. मला वाटलं, माझ्यातच जोर उरला न्हाई.

१०८ला फोन लावला. तिकडची बाई म्हणली, दादा, गाडी डांबरीपर्यंत धाडते, पुढं रस्ताच न्हाई तर कशी येईल? तिचं बी बराबर. भीमसिंग परत आला होता, शुक्रवारचं काही मनात न ठेवता. त्यानं बाजेकडं पाहिलं. मी म्हणलं, थांब, चारी चाकं ओढली तर मी ओढा काय, कयाधू नदी पार करीन. आन् पायी गोरेगावला निघालो. ओढ्यावरच्या पुलाच्या सिमेंटी नळ्या वाहून गेल्या होत्या, पाणी कंबरेच्या वर.

भाई दुकानात गादी शिवून राहिला होता. घर आन् दुकान एकच, उंबरा एकच. मी बाहेर पावसात उभा राहिलो.

"पुढचा शाफ्ट पायजे," मी म्हणलं.

इतक्या वर्षांनी थोरल्या भावाशी बोललेला पयला शब्द हा. सलाम न्हाई, काही न्हाई. भाईनं सुई गादीत खोचली आन् माळ्यावर चढला. भाभी दारात आली.

"समरीन अजून बसूनच झोपते का?"

"तुमाला कोण सांगितलं?"

"रोज बोलते ना ती माझ्याशी. काल फोन केला तर तिला बोलणं होईना. नुसता श्वास ऐकत बसले मी." आन् भाभी रडायला लागली.

भाई खाली आला. शाफ्ट गोणपाटात बांधलेला. सोडून पाहिलं तर गंजाचा ठिपका न्हाई, दोन्ही टोकांना ताजं ग्रीस.

"दर मोहरमला पुसून ठेवतो," भाई म्हणला. "म्हणलं, कवातरी मागशील. चल."

मी त्याला चल म्हणलं नव्हतं. शाफ्ट काही एवढा जड नसतो, एकट्याला बी नेता येतो. पण भाईनं दुसरं टोक सोडलं न्हाई. दोघांच्या खांद्यावर घेऊन ओढा पार केला. एकदा पाय घसरला तवा तो "या अल्लाह" म्हणला, तेवढंच बोलणं.

चिखलात पाठीवर पडून शाफ्ट बसवला. बोल्ट हातानंच बसले, जसं कवा काढलेच नव्हते. भाई वर बसला. मी ओरडलो, ओढ दांडी. त्यानं ओढली. शाफ्ट फिरला. मंग पुढून करकर आवाज आला, मंग कटकट, आन् मंग काहीच न्हाई. शाफ्ट फिरून राहिला, चाकं ढिम्म.

पुढच्या हौजिंगचा, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या दातेरी चाकांच्या डब्याचा, नट खोलला. तेलाच्या जागी गाळ आला, आन् गाळात लोखंडाचा चुरा. शाफ्ट नसला तरी चाकं तर रोज फिरत होती, त्यांच्याबरोबर आतले दात कोरडेच फिरत राहिले आन् झिजून गेले. पुढच्याचं काम न्हाई म्हणून मी तिथं तेल कवा पाहिलंच न्हाई. भाईनं त्याच्याकडचा तुकडा जपला. माझ्याकडचा मी मारून टाकला.

भाई तो चुरा बोटावर घेऊन पाहत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल भंगार. म्हणला न्हाई. मी चिखलात बसून राहिलो. पाना हातात होता आन् फिरवायला काही उरलं नव्हतं.

तवा दारातून समरीन बोलली. भिंत धरून उभी होती. "उचला मला."

प्रेमसिंग ट्रॅक्टर वाशीमला ठेवून आलेला, त्यानं बाज बाहेर आणली. आन् बाजेजवळ आमी चार गडी भर पावसात भांडायला लागलो. भाई म्हणला, "डोकं पुढं घ्यायचं न्हाई. आमच्यात जनाजा डोकं पुढं करून नेतात." भीमसिंग म्हणला, "मंग काय पाय पुढं? आमच्यात मढ्याचे पाय पुढं असतात. मी न्हाई तसं उचलायचा." भाई म्हणला, आडवं धरू. प्रेमसिंग म्हणला, पांदण केवढी, आडवं धरायला. कोणीच माघार घेईना. लेकरं बरी.

"मी बसते," समरीन म्हणली. श्वास घेतला. "बसून कोणी... कबरस्तानात गेलंय का?"

बाजेवर नुसतं बसवलं तर पडंल, टेकायला काही पायजे. मी म्हातारीकडं पाहिलं. बाजूची सीट, तिच्यासाठी फोम टाकलेली. तिचे बोल्ट मला डोळे झाकून माहीत. सीट काढली, बाजेवर ठेवून जीप ओढायच्या दोरानं करकचून बांधली. भाईनं घरातली रजई गुंडाळून पाठीशी खोचली, त्याच्या हाताला ते काम बसलेलं. हूड काढून तिच्या डोक्यावर घेतलं.

भीमसिंग तरी म्हणलाच, "पाय पुढंच झाले की."

"बसलेल्याचे पाय मोजत न्हाईत," प्रेमसिंग म्हणला, आन् आमी उचललं.

पुढं भाई आन् मी, मागं ते दोघं. म्हातारीच्या बाजूनं गेलो. बिनसीटची, बिनहुडाची, नाक खाली घालून उभी होती ती. ओढ्यात पाणी छातीला लागलं. समरीनचा तोल जाऊ न्हाई म्हणून तिनं एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आन् एक भाईच्या. मला वर पाहता येत नव्हतं. तिचा श्वास ऐकू येऊन राहिला, वाजणारा. तो वाजतोय तवर ठीक हाय, असं मी मनात धरलं. मधी एकदा थांबला, तर भाई मोठ्यानं म्हणला, "समरीन, बोल काहीतरी." वरून ती म्हणली, "भाभीला सांगा... भात टाक." तवा मला रडू आलं आन् मी रडलो. पावसात कोणाला कळतं.

डांबरीवर १०८ उभी होती.

इथं पोचल्यावर सिस्टरनं आधी काट्यावर घेतलं. एकसष्ट. मी म्हणलं, चूक हाय, घरी आज सकाळी चोपन्न होतं. सिस्टर मशीन लावायला धावली.

सकाळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलं होतं, आडवं आणलं असतं तर वाटेतच बुडाल्यासारखं झालं असतं. बसवून आणायचं कोणी सांगितलं?

मी म्हणलं, "कोणी न्हाई. डोकं पुढं का पाय पुढं यावरून भांडण लागलं होतं."

त्यांनी सिस्टरला माझा ताप बघायला सांगितलं.

२० जुलै, रविवार. गोरेगाव

समरीन भाईच्या घरात हाय. शुक्रवारी दारातून गाडीत बसली आन् दारात उतरली. मी दुकानाच्या ओट्यावर झोपतो, ताट तिथंच येतं. भाई दोनदा म्हणला, आत ये. मी म्हणलं, इथं हवा बरी हाय. शपथ अब्बाच्या नावाची हाय, तिला काय करू? म्हातारी अजून पांदणीत. भाई म्हणतो, उघडीप पडली की दोघं जाऊन हौजिंग खोलू. त्याला त्यातलं काही कळत न्हाई, पण येतो म्हणतो.

आज खिडकीतून समरीनशी बोललो. आतापर्यंत विचारायची हिंमत झाली नव्हती.

"घरचा काटा मोडला होता, तुला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी कळलं. मी उभी राहिले तरी चोपन्न. कोंबडी उभी केली तरी चोपन्न."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर जीप तशीच सोडून काटा दुरुस्त करत बसला असता तुमी."

ती मरायला निघाली होती आन् मी तिच्या वजनावर जॅक लावला होता. खिडकीचा गज धरून उभा राहिलो. ती पलंगावरून उठली, माझ्या बोटांवर हात ठेवला, बोटांच्या खाचेत अजून ग्रीस होतं.

"भाभीनं नवा काटा आणलाय," ती म्हणली. "त्याच्यावरचे आकडे मला दिसत न्हाईत. सिस्टरनं रोज लिहायला सांगितलं ना तुमाला? आत येऊन वाचा."

नव्या काट्याचे आकडे बोटाएवढे मोठे असतात. तूर निवडताना हिला बारीक खडा दिसतो.

भाई मान खाली घालून गादी शिवत होता. त्यानं वर पाहिलं न्हाई, नुसता कापसाचा ढीग पायानं बाजूला सारून वाट केली.

चपला ओट्यावर काढल्या. आत गेलो.

वजन त्रेपन्न.